वर चढणारं शिंकं

इंदुरीचा कुंभार झुंबरबाईला लांबून येताना पाहिली की चाक थांबवायचा आणि मनातल्या मनात कुलदैवताचं नाव घ्यायचा. बाई मडकं घ्यायला यायची ती सोयरिकीला मुलगी बघायला आल्यासारखी. एकेक मडकं उचलायचं, कानाशी धरायचं, बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि "कच्चं हाय" म्हणून खाली ठेवायचं. सगळी रास अशी नापास झाली की ती लुगड्याचा काठ जरासा वर घ्यायची, स्वतःच्या नडगीवर तीच टिचकी मारायची आणि म्हणायची, "असं वाजाय पायजे." कुंभार बिचारा काय बोलणार. बाईची नडगी काही त्याच्या भट्टीतून निघालेली नव्हती.

तिचा हा ताठा अगदीच फुकाचा नव्हता. लोणावळ्याला वळवणचं धरण बांधत होते, तेव्हा इंदुरीतून महिपती आणि त्याची ही नवीन बायको कामावर गेली होती. दगडाची जी पाटी बाकीच्या बायकांच्या डोक्यावर दोघी मिळून चढवायच्या, ती झुंबरबाई एकटी गुडघ्यावर टेकवून डोक्यावर घ्यायची आणि चढणीनं अशी जायची, की पाटीत दगड नसून लाह्या आहेत. मुकादम दुसऱ्या बायकांवर ओरडायचा, "त्या इंदुरीच्या बाईकडं बघा जरा." बायका बघायच्या आणि मुकादमाची पाठ वळली की तिला शिव्या घालायच्या. रखमाजी पोटात असतानाही ती पाट्या वाहत होती आणि तो झाल्यावर त्याला झाडाच्या सावलीत झोळीत टाकूनही वाहत होती. लोणावळ्यातल्या शेठलोकांच्या बंगल्यात जो विजेचा दिवा लागतो त्यात आपल्या मानेचाही वाटा आहे, असं ती म्हणायची. त्यात खोटं काहीच नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे उंची. इंदुरीत तिच्याएवढी उंच बाई नव्हती. पुरुषही मोजकेच होते आणि तिचा नवरा त्यांत नव्हता. सासूनं तिला पसंत केली तीच मुळी उंची बघून, कारण सासूला शिंक्यासाठी वारस हवी होती.

त्या घराचा कायदा असा होता, की ज्या बाईचा हात शिंक्याला पुरतो, तिचं घर. स्वयंपाकघरात तुळईला अंबाडीच्या दोरीचं शिंकं टांगलेलं. त्यात दुधाचं गाडगं, विरजण आणि लोण्याचा गोळा. घरच्या मालकिणीनं टाचा टेकून हात वर करावा, तो जिथं पुरेल तिथं शिंकं बांधावं. मांजराची उडी पोचणार नाही, पोरं पोचणार नाहीत आणि मुख्य म्हणजे सून पोचणार नाही. सुनेला वाटीभर दही पाहिजे असेल तर तिनं मागावं. झुंबरबाईनं सासू गेल्यावर शिंकं आणखी वर घेतलं आणि रखमाजीला बायको बघताना पहिल्यांदा काही बघितलं असेल तर बुटकेपणा. कस्तुराबाई त्या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास झाली.

शिंक्यातलं दूध नवऱ्याला, लोणी लेकाला, तूप पाहुण्याला, खरवड मांजराला. झुंबरबाई स्वतः त्यातलं काही तोंडात घालत नसे. राखणदारानं रास खायची नसते, असं तिचं म्हणणं.

या राज्याला एकच व्यत्यय होता. दर महिन्याला चार दिवस ती बाहेर बसायची आणि शिंकं दुसऱ्याच्या हाती जायचं. कस्तुराबाई पाट घ्यायची, त्यावर उभी राहायची आणि गाडगं उतरवायची. पडवीच्या कोपऱ्यात बसलेल्या झुंबरबाईला पाट सरकवल्याचा आवाज यायचा आणि तिचं काळीज हलायचं. पण लेकाच्या लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच, वयाची चाळिशी गाठायच्या आतच, तिचं ते कायमचं थांबलं. गल्लीतल्या बायकांनी चुकचुक केली. झुंबरबाईनं ग्रामदैवताला नारळ फोडला. आता राज्य अखंड झालं होतं.

इतक्या मजबूत बाईनं दुसऱ्याच्या हाडांची थट्टा केली नसती तरच नवल. घरात थट्टेला माल भरपूर होता. महिपती पुढं रेल्वेत लागला होता आणि लोणावळ्याच्या यार्डात डबे जोडताना त्याचा पाय मोडला. पाय प्लास्टरात घालून त्याला इतके महिने निजवून ठेवला, की प्लास्टर फोडलं तेव्हा आतून दुसऱ्याच कुणाचा तरी पाय निघाला असं वाटलं. "धनी," झुंबरबाई म्हणाली, "ह्याच्यापरीस माझी फुंकणी जाड हाय." तो काठी टेकत हिंडायला लागला, पायही हळूहळू भरला, पण फुंकणी हे नाव काही सुटलं नाही.

दुसरे होते कोंडाजीआबा, महिपतीचे चुलते. ऐंशी कधीच उलटलेले. पाठीची कमान झालेली. ते अंगणातून जायला लागले की झुंबरबाई विचारायची, "आबा, काय सांडलंय? घावलं का?" एक दिवस आबा उंबरठ्यावरून नुसते पाय घसरून खाली बसले, आणि तेवढ्यानं खुब्याचं हाड गेलं. तेव्हापासून त्यांनी ओसरीवर अंथरूण धरलं. झुंबरबाईनं त्यांचं सगळं केलं, हगणं-मुतणं काढलं, पण तोंड काही बंद ठेवलं नाही.

"बापयांची हाडं कच्चीच," ती आबांना भरवता भरवता समजावून सांगायची. "बाईची हाडं कशी, एकेका बाळंतपणात भाजून निघत्यात. मी आठ येळा भट्टीत जाऊन आलीया."

"तुझा घास मोठा हाय," आबा म्हणायचे. "आन् तोंड त्याच्याहून."

मग एका सुगीत भाताची पाटी उचलताना तिच्या पाठीत काहीतरी कट् झालं. आवाज तिला एकटीलाच आला. ती पाटी खाली ठेवून तशीच उभी राहिली आणि पाटीकडं संशयानं बघायला लागली. उसण भरली म्हणून निरगुडीचा शेक झाला, पाठीला बिब्बा झाला. काही दिवसांनी दुखणं गेलं. पुढल्या वर्षी पुन्हा एकदा असंच झालं, या वेळी नुसता हंडा उतरवताना. तेही गेलं. इतकं मोठं अंग म्हटल्यावर कुठंतरी कुरकुरणारच.

आणि मग शिंकं वर चढायला लागलं.

पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा पावसाळा होता. हात वर केला तर बोटं शिंक्याच्या कडीला नुसती लागली, पकड बसेना. झुंबरबाई घाबरली नाही. मावळातला पाऊस हाडापर्यंत ओल आणतो आणि अंबाडीची दोरी ओलीनं आखडते हे शेंबडं पोरही जाणतं. थंडीत दोरी सुकेल, सैल होईल, शिंकं जागेवर येईल. ती टाचा उचलून गाडगं काढायला लागली. थंडी आली, दोरी सुकली, खडखडीत वाळली. शिंकं तिथंच.

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोरी आपोआप आखडत नसेल, तर कुणीतरी आखडतंय.

"कस्तुरे," तिनं सुनेला हाक मारली, "शिंक्याला कुणी हात लावला?"

"न्हाई आत्याबाई. माझा हात पुरतोय व्हय?"

"पाट हाय की घरात."

कस्तुराबाईनं वर शिंक्याकडं बघितलं, मग सासूकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं आणि भाकरी थापायला लागली. झुंबरबाईच्या लेखी हा कबुलीजबाब होता. त्या दिवशी तिनं घर डोक्यावर घेतलं. सून घरावर हक्क सांगायला निघालीय, सासूला पाटावर चढायला लावतीय, हे तिनं ओसरीवरच्या आबांना सांगितलं, गोठ्यातल्या नवऱ्याला सांगितलं आणि पाण्याला जाताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं. आणि काय आश्चर्य, पुढल्या आठवड्यात ती तळेगावच्या बाजाराला जाऊन आली, हात वर केला, तर शिंकं मुकाट्यानं हातात आलं.

"बघितलंस?" ती शेजारच्या धोंडाबाईला म्हणाली. "चोरी उघडकीस आली, की आलं खाली."

धोंडाबाईचा जन्मच मुळी अशा गोष्टी ऐकण्यासाठी होता. "माझी सून तर जात्याचा खुटा बदलती," ती म्हणाली. "सुना आशाच. गोड बोलून दोरी आखडत्यात."

पुढं वर्षभर बरं गेलं. मग शिंकं पुन्हा चढलं. पुन्हा रण पेटलं. पुन्हा एका बाजाराच्या दिवसानंतर शिंकं खाली आलं. आता तर पुराव्याला काही कमीच राहिलं नाही. झुंबरबाईनं सुनेशी बोलणं टाकलं. काही सांगायचं झालं तर ती मांजराला सांगायची: "मने, भाताला उकळी आलीया म्हणावं." कस्तुराबाईही मग मांजरालाच उत्तर द्यायची. मांजर घरात लठ्ठ होत चाललं होतं.

एकदा संशयाचं बी रुजलं की ते एका वाफ्यात राहत नाही. त्याच सुमारास तिच्या लक्षात आलं, की विणकर आताशा लुगड्याचा पन्हा वाढवायला लागलेत. काठ सारखा पायात यायचा. तिनं तळेगावच्या कापडदुकानदाराला भर बाजारात सुनावलं, की लढाईच्या दिवसांत कापड महाग करता ते करता, वर बाईमाणसाला तोंडघशी पाडायला पन्हा वाढवता. दुकानदारानं हात जोडले. नंतर चुलीवरचा कोनाडा वर सरकला. त्याबद्दल गवंड्याला बोलणं बसलं, आणि तो गवंडी मरून कैक वर्षं झाली होती. मग विहिरीचा रहाट. सगळं जग तिच्या विरुद्ध एका मताचं होऊन हळूहळू वर चाललं होतं आणि या कटाचं मूळ तिच्या चुलीपाशी बसून खाली मान घालून भाकरी थापत होतं.

तिसऱ्यांदा शिंकं चढलं तेव्हा झुंबरबाई भांडली, पण या वेळी ते खाली आलं नाही. तिनं बाजारही करून बघितला. आली, हात वर केला, बोटं हवेत. रखमाजी लोणावळ्याला इंजिनच्या शेडमध्ये कामाला होता आणि सुट्टीला घरी यायचा. त्याच्याकडं तिनं दाद मागितली.

"रखमा, तुझ्या बायकूला ईचार, माझं शिंकं सोडती का न्हाई."

रखमाजीनं बापाकडं बघितलं. बापानं बायकोची नजर चुकवून सुनेकडं बघितलं. सुनेनं मान हलवली, नाही म्हणून.

"आई, आता तुजं वय झालं," रखमाजी म्हणाला. "कस्तुराच काढंल की गाडगं."

पोटच्या लेकाच्या तोंडून हे ऐकल्यावर झुंबरबाईला कळायचं ते कळलं. राज्य गेलं, आणि दरवाजा आतून उघडला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रानात गेल्यावर तिनं उखळ पालथं घातलं आणि त्यावर चढली. पाट घेतला नाही, कारण पाट सुनेचा. हात शिंक्याला लागला, गाडगं मिळालं आणि उखळ हललं.

पडली तीही फार उंचावरून नव्हे. एखादं पोर पडलं असतं तर उठून पळालं असतं. तिनं हात टेकला, आणि मनगट विळ्यासारखं वाकडं झालं. दूध चुलीपर्यंत वाहत गेलं. ओसरीवरून आबांनी विचारलं, "झुंबरे, काय सांडलंय?"

बैलगाडीनं तळेगाव, तिथून आगगाडीनं लोणावळा. बाजारपेठेच्या मागं एका बंगल्यात डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता आणि हाडांचा फोटो काढायचं यंत्र तिथं नुकतंच आलं होतं. डॉक्टरीणबाई पुण्याच्या, चष्म्याच्या, बोलायला मऊ आणि हात धरायला घट्ट. त्यांनी मनगट बसवलं, प्लास्टर घातलं, मग पाठीवरून बोटं फिरवत फिरवत एका मणक्यावर थांबल्या.

"मावशी, इथं कधी दुखलं होतं?"

"उसण भरलीती. गेली."

पाठीचाही फोटो निघाला. काचेवर लावून त्यांनी तो झुंबरबाईला दाखवला. आपलं आतलं अंग बघायची तिची ही पहिलीच वेळ. तिनं आधी मनगट बघितलं, मग पाठ, आणि तिला वाटलं की फोटो काढणाऱ्यानं कुचराई केलीय. हाड म्हणून जे दिसत होतं ते धुक्यासारखं होतं. दोन मणके तर पायाखाली आलेल्या बत्ताशासारखे चेपले होते.

"हे माजं न्हवं," ती म्हणाली.

"तुमचंच आहे. मावशी, अलीकडे लुगडं पायात येतं का?"

"विणकरांनी पन्हा वाढवलाय."

"फळीवरचं, कोनाड्यातलं काढायला हात पुरत नाही, असं होतं?"

कोपऱ्यात काठी धरून बसलेला महिपती आपल्या बोटांकडं बघायला लागला. बाहेर घाटाकडं निघालेल्या गाडीला मागून इंजिन जोडत होते, त्याचा धक्का भिंतीला जाणवला.

"शिंकं," ती शेवटी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिला भिंतीशी ताठ उभी केली. ताठ म्हणजे जेवढी होता येईल तेवढी. दोन्ही हात पसरायला लावले, बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत माप घेतलं आणि मग उंचीचं. "माणूस हात पसरून साधारण जेवढा रुंद, तेवढाच उंच असतो," त्या म्हणाल्या. "हात खोटं बोलत नाहीत." दोन मापांत चांगलं वीतभर अंतर निघालं. ती वीत पाठीत कुठंतरी दबून बसली होती.

"पन माजी हाडं..." तिनं चांगल्या हाताच्या पेरानं नडगीवर टिचकी मारली. ठक् वाजलं. "ऐका की."

"बाहेरून वाजेल. हाड म्हणजे दगड नाही, मावशी. आतून ती जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी, आणि तिथं रात्रंदिवस बांधकाम चालू असतं. जुनं पाडणारे वेगळे, नवीन बांधणारे वेगळे."

"धरनावानी. वळवनला मी पाट्या वाह्यल्यात."

"अगदी. तुम्ही होतात ना तिथं? मग मुकादम कशाला लागतो ते तुम्हांला सांगायला नको. बाईच्या अंगात हा मुकादम महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या त्या गोष्टीबरोबर असतो. ती थांबली की मुकादम गेला. पाडणारे मोकाट सुटतात आणि बांधणारे बिड्या ओढत बसतात. आधी मणके जातात आणि मनगट. तुमचं कधी थांबलं?"

झुंबरबाईनं सांगितलं, आठ बाळंतपणांचंही सांगितलं. नारळाचं सांगितलं नाही.

"फारच लवकर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून एवढं झालं. आई कशी होती तुमची?"

"लय वाकलीती. आमाला वाटायचं, बापाच्या धाकानं."

"थोडं आईकडूनही आलं असेल. आठ बाळंतपणं, सगळी अंगावर पाजली, आणि दूध-ताक स्वतः किती घेत होतात?"

झुंबरबाई एकदम महिपतीकडं वळली. "आन् ह्यांची फुंकणी? ह्यांचा मुकादम कुटं गेला हुता?"

"त्यांचं वेगळं. हाडावर भार पडला तर बांधणाऱ्यांना काम असतं. महिनोन् महिने निजून राहिलं, की त्यांना वाटतं आता गरज नाही, आणि ते घरी जातात. माणूस चालायला लागला की पुष्कळसे परत येतात."

"आन् आमचं आबा? त्यांचा खुबा?"

"ते म्हातारपण. तिथं मुकादमाचा प्रश्न नाही, बांधणारेच थकलेले असतात. पुरुष असो की बाई. आणि काहींचं गळ्याच्या गाठीमुळं होतं, काहींच्या खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून होतं. हाड पोकळ झालेलं फोटोत सारखंच दिसतं, पण कुणी पोकळ केलं ते दर वेळी निराळं."

"समद्यांत माजंच वंगाळ," झुंबरबाई म्हणाली. "त्यांच्या हाडांनी त्यांना सांगून तरी दगा दिला."

"तुम्ही दगड वाहिलेत म्हणून तर इतकी वर्षं टिकली. आता नाचणी खा, दूध घ्या, उन्हात बसा, पण ओझं उचलायचं नाही. गेलेली वीत मात्र परत यायची नाही."

तळेगावपर्यंत ती गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत आली. बांध, खाचरं, डोंगर, सगळं आपापल्या जागेवर होतं. मरून गेलेल्या गवंड्याला उगाच शिव्या दिल्याचं तिला वाईट वाटलं. दुकानदाराचं वाटलं नाही, तो तसाही कापड ओढून मापायचा. पण सगळ्यात जास्त तिला घासत होतं ते एक कोडं: शिंकं वर गेलंच नव्हतं, तर दोनदा खाली कसं आलं?

घरी आल्यावर तिनं रखमाजीला शिंकं सोडून आणायला लावलं. तुळईजवळचा दोरीचा भाग धुरानं काळा झालेला. तिनं तो ओल्या फडक्यानं एका हातानं पुसला. मूळ अंबाडीची दोरी संपली तिथं एक गाठ होती आणि पुढं काथ्याचा तुकडा जोडलेला. त्याच्यापुढं आणखी एक गाठ, आणि तिथून पांढऱ्या सुती दोरीचा तुकडा. ती दोरी इंदुरीत मिळत नव्हती. रेल्वेच्या शेडमध्ये मिळत होती.

तिनं ती लेकाच्या नाकासमोर धरली. रखमाजीनं छताकडं बघितलं.

"शिडी मी धरलीती," महिपती म्हणाला. "घरात भांडाण नगं म्हणून."

"कल्पना कुणाची?"

"माजी," कस्तुराबाई म्हणाली. मांजराला नव्हे, थेट सासूला.

"मी तुला चोरटी म्हणत हुते, तवा तू..."

"व्हय."

"गावभर सांगत हिंडले, तवा बी?"

"व्हय."

"मग तिसऱ्यांदा का न्हाई सोडलं खाली?"

"आणखी सोडलं असतं तर माजाच हात पुरला असता," कस्तुराबाई म्हणाली. "टाचा टेकून. मग तुमी काय केलं असतं?"

झुंबरबाईनं सुनेच्या उंचीकडं बघितलं. इतकी वर्षं ती सुनेकडं वरून बघत आली होती. आता नजर सरळ जात होती, आणि हे कधीपासून, तेही तिला आठवेना.

"तुला तोंड न्हवतं?"

"सांगितलं असतं, तर ऐकलं असतं व्हय, आत्याबाई?"

"न्हाई."

"मग?"

"तरी सांगायचं हुतं."

हाडं वर्षानुवर्षं आतून पोखरत गेली आणि टिचकी मारली की ठणठणीत आवाज देत राहिली. घरच्यांनी गुपचूप दोरी वाढवली आणि आपली साळसूद तोंडं दाखवली. चोरी करून कुणी लुबाडलं असतं, तर ती भांडली असती. तिला लुबाडलं होतं कीव करून, आणि त्यावर भांडता येत नाही. शिव्या द्यायच्या कुणाला? ज्या चार दिवसांवर ती जन्मभर चरफडत होती, तेच तिची पाठ सांभाळत होते, आणि ते गेले म्हणून तिनं देवाला नारळ दिला होता. देवानं तरी सांगायचं होतं.

तिनं चांगल्या हातानं आणि दातांनी दोन्ही गाठी सोडल्या. एक तुकडा रखमाजीच्या अंगावर टाकला, दुसरा नवऱ्याच्या. मग उरलेली अंबाडीची दोरी रखमाजीला दिली. "बांध. पयल्या जागी."

"आई, तितं हात कुणाचा पुरनार?"

"कुणाचाच न्हाई."

शिंकं होतं तिथं टांगलं गेलं, पार वर, रिकामं. दुधाचं गाडगं चुलीमागच्या खालच्या कोनाड्यात आलं, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं असं. मांजराची चंगळ झाली. कुणी पाहुणा आला आणि वर बघून म्हणाला, की एवढ्या उंच कोण बांधतं, तर झुंबरबाई सांगायची, "हुती एक उंच बाई हितं." आणि विषय बदलायची.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं दूध कस्तुराबाई वाडग्यात ओतून द्यायची. झुंबरबाई ते भिंतीकडं तोंड करून प्यायची, एरंडेल प्याल्यासारखं. सुनेशी ती आता सरळ बोलायची, पण कामापुरतं. महिपतीला फुंकणी म्हणणं तिनं सोडलं, आणि त्याला ते चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. आबांना मात्र ती जास्त वेळ भरवत बसायची. आबांनी तिची फजिती एकदा ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाले, "घास बारका झालाय तुझा." कुंभाराकडं ती एकदा गेली, समोर दिसलं ते मडकं उचललं, टिचकीही न मारता घेऊन आली. कुंभार दोन दिवस धास्तावलेला होता.

मग एके दिवशी धोंडाबाई तणतणत आली. तिच्या लुगड्याचा काठ चिखलानं माखला होता.

"झुंबरे, तू खरं बोलत हुतीस बाय. मेल्यांनी पन्हा वाढवलाय. आन् माज्या सुनंनं उतरंड वर सारलीया."

झुंबरबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. धोंडाबाईच्या मानेखाली लहानसा उंचवटा आला होता. हे आधी कसं दिसलं नाही, कुणास ठाऊक. कस्तुराबाई चुलीपाशी होती, तिनं मान वर केली. गप्प बसायचं की बोलायचं, याचा विचार झुंबरबाईनं फार केला नाही. ती गप्प बसण्याच्या बाजूनं कधीच नव्हती.

"पन्हा न्हाई वाढला, धोंडे," ती म्हणाली. "तू कमी झालीस."

मग तिनं तिला मुकादमाचं सगळं सांगितलं, पाडणाऱ्यांचं, बांधणाऱ्यांचं, नाचणीचं, दुधाचं. धोंडाबाई ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. शेवटी ती उठली.

"माज्या हाडांना नाव ठिवतीस?" ती म्हणाली. "तूबी सुनांना फितूर झालीस म्हण की." आणि काठ सावरत, अडखळत, निघून गेली. त्यानंतर इंदुरीत तिनं झुंबरबाईशी बोलणं टाकलं, मांजरामार्फतसुद्धा नाही.

झुंबरबाई उंबरठ्यावर उन्हाला पाठ देऊन बसली होती तशीच बसून राहिली. मागं चुलीपाशी बांगड्या जरा जास्तच वाजल्या. तिनं वळून बघितलं नाही.

"हसू नगं," ती म्हणाली. "दूध आण."